शेंदराचं अस्तर

गंज म्हणजे एक नंबरचा हरामखोर. वरून पाहाल तर चिंचोक्याएवढा डाग, अन् खरडाले बसाल तर बोट आरपार जाते. मी चांद्याचा लटारू पेंटर. मोटरीचा पत्रा घासून नितळ करणं, त्याले अस्तर देणं, अन् मंग वरून रंग, हे माझं काम. गफ्फार उस्तादानं शिकवलं. लोक रंग पाहून वा वा करतात, अस्तर कोणाले दिसत नाई, पण अस्तर कच्चं असलं तर रंग होळीपर्यंतही टिकत नाई. हे काही बढाई म्हणून सांगून राह्यलो नाई. पुढं जे झालं त्यात सारा घोळ या अस्तरानंच केला, म्हणून सांगतो.

लढाई सरून बरीच वर्षं झाली होती. भैयाजी ठेकेदारानं मिलिटरीच्या लिलावातून एक जीप घेतली होती. कुरखेड्याच्या पल्याड जंगलात त्याचा लाकडाचा डेपो, तिथी ती सारा पावसाळा गळक्या मांडवाखाली उभी. भैयाजी स्वतः वडस्याले, गादीवर. तिथून निरोप आला का लटारूले पाठवा, दिवाळीच्या आत गाडी हिरवीगार पाहिजे. उंटावरून शेळ्या हाकायले काय जाते! मी बैलबंडीत बसून हाडं खिळखिळी करत डेपोवर पोचलो, गाडीवरची ताडपत्री ओढली, अन् कपाळाले हात लावला.

"नथ्थूभाऊ, ही जीप आहे का मुरलेलं लोणचं?"

नथ्थू डेपोचा रखवालदार. जवळच्याच गावचा, घरी धानाची शेती, अन् तोंडाचा भारी चालू माणूस. पण तेव्हा तो हसला नाई. मांडवाच्या बाहेरच उभा राह्यला.

"तू आपलं काम कर गा," म्हणे. "मी आत येत नाई."

"काऊन? चावते का?"

"मागच्या वर्षी चावली," असं म्हणून नथ्थू निघून गेला.

म्या म्हटलं, जाऊ दे, आपण बरं अन् आपलं काम बरं. पटाशीनं गंजाचे पापुद्रे उचकटले, मंग तारेचा बुरूस, मंग रेजमालाचा खरखरीत कागद, अन् शेवटी घासलेटचं फडकं. असा घासलेला पत्रा उघड्या हातानं धरायचा नाई. घामाचा हात लागला का दुसऱ्या दिवशी तिथी गंजाची बोटं उमटतात. हे मी साऱ्यायले ओरडून सांगतो अन् कोणी ऐकत नाई.

मागचा पत्रा घासून राह्यलो होतो तेव्हा ध्यानात आलं का मांडवापासून जरा दूर एक बाई येऊन बसली आहे. गोंडाची बाई, वयानं जवान, पण अंगावर मांस म्हणून नाई. गालफडं आत गेलेली, हाताच्या काड्या झालेल्या. ती माझ्याकडं पाहात नव्हती. इंजिनावरच्या बानटाकडं नाई, चाकाकडं नाई, नुसती त्या मागच्या पत्र्याकडं पाहात होती. कोणी असं टक लावून पाहात बसलं का माझा हात बिघडते.

"काय पाहाता बाई? तमाशा लागला आहे का इथी?"

ती उठली, जवळ आली अन् पळसाचं एक पान पुढं केलं. "भाऊ, या पत्र्याचा गंज मले द्या."

"गंज?"

"खाली पडून राह्यला तो. तुमी तर फेकूनच देता ना."

लोक माझ्यापाशी उरलेला रंग मागतात, रिकामे डबे मागतात. गंज मागणारी ही पहिलीच. "घ्या बाप्पा, सारा घ्या," म्या म्हटलं, "अन् पाहिजे तर भैयाजीच्या गोदामाचा खिळाही देतो गंजलेला." तिनं माझ्या बोलण्याकडं ध्यान दिलं नाई. मातीवर सांडलेला एक एक कण बोटाच्या टोकानं उचलला, पान बांधलं अन् गेली. चालताना झाडाचा आधार घेत होती.

संध्याकाळी चूल पेटवताना नथ्थूले इचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं.

"ती शकुबाई. इसरूची बायको. इसरू इथीच हमाल होता. मागच्या वर्षी या डेपोपुढच्या नाल्याच्या चढावर गाडी फसली अन् इसरू मागून जोर लावून राह्यला होता. गाडी उलटी घसरली. मागच्या पत्र्यानं त्याले ऐनाच्या झाडाशी दाबलं. तिथीच गेला बिचारा."

"अरेरे," म्या म्हटलं. "मंग तिले गंज कायले पाहिजे?"

नथ्थूनं आवाज खाली आणला. "यायच्या गावची रीत आहे. असा आडमरणानं गेलेला माणूस घराच्या दाराशी येऊन उभा राह्यते. त्याले बसायले जागा द्या लागते. जिथी गेला तिथी एक गोटा मांडायचा, त्याले तेल-शेंदूर लावायचा. द्रोणात पाणी घ्यायचं, त्यात धानाचे दोन दाणे सोडायचे अन् त्याचं नाव घ्यायचं. दाणे एकमेकाले चिकटले तर तो आला, बसला. मंग त्याले भात वाढायचा. त्यानं खाल्ला का बायकोनं खायचा. तोवर तिले चुलीवरचा भात चालत नाई."

"अन् दाणे चिकटले नाई?"

"नाईच चिकटत. पुजारी म्हणते, इसरूले गाडीनं धरून ठेवलं आहे, सोडत नाई. म्हणून ती गंज नेऊन गोट्यावर घालते, का त्यासंगं तरी येईन म्हणून. मोहफुलं अन् कंद खाऊन वर्ष काढलं तिनं. तू पाह्यलं ना तिले? ही थंडी काही निघत नाई तिची."

मले राग आला. कोणाचा ते सांगता येत नाई. म्या म्हटलं, "असली कशी रीत? मेलेल्यासाठी जित्याले मारायचं?" नथ्थू म्हणे, "तिले सांगून पाह्य. साऱ्यायनं सांगितलं. ती म्हणते, तो दाराशी उपाशी उभा आहे अन् मी आत बसून जेवू कशी?"  मी पुढ्यातली भाकर खाल्ली.

दिवाळीच्या तोंडचे दिवस, सकाळी भरपूर दव पडे. घासलेला पत्रा रातभर उघडा राह्यला का दवानं त्यावर पिवळी बुरशी चढतेच चढते. सकाळी उठून पाह्यलं तर बानट पिवळं, चाकांवरची दोन्ही मडगाडं पिवळी. शिव्या देत देत मागं गेलो. मागचा पत्रा लखलखीत.

म्या म्हटलं, आडोशाले असंन. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच्यावर पाणी मारलं. सकाळी पुन्हा तसाच. मंग मीही पेटलो. मिठाच्या पाण्यात पोतं भिजवलं अन् त्याच्यावर टाकून ठेवलं. असं केल्यावर तोफेचं लोखंडही सडून जाईन. सकाळी पोतं उचललं. पोतं ओलं होतं, पत्र्यावर मिठाचे पांढरे डाग होते, अन् डागांच्या मधी माझा चेहरा दिसत होता. हात लावायचा नाई हे मीच साऱ्यायले सांगतो, पण हात लावला. पहाटेच्या गारठ्यात तो पत्रा तापानं फणफणलेल्या माणसाच्या पाठीसारखा गरम होता.

हात असा झटकन मागं घेतला. लोखंड असून गंज धरत नाई, हे म्या जन्मात पाह्यलं नव्हतं. साऱ्या उमरीत गंजाले शिव्या दिल्या, त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले का बाप्पा, जरासा तरी ये. आला नाई.

मले तिथून लवकर सुटायचं होतं. पण दुष्काळात तेरावा महिना, अस्तराचा विलायती डबा उघडून पाह्यला तर बंडीच्या हादऱ्यानं झाकण सुटून आतला रंग दगड झालेला. उस्ताद सांगे, डबा नसला तर शेंदूर अन् जवसाचं तेल खलायचं, यापेक्षा पक्कं अस्तर दुनियेत नाई. खरी गोष्ट आहे ती. शेंदूर लोखंडाले असा धरते का वर्षानुवर्षं गंज शिवत नाई. नथ्थूनं कुरखेड्याच्या बाजारातून शेंदूर आणला, तेल आणलं. माझा बुरूस उंदरानं कुरतडून टाकला होता, म्हणून हातानंच अस्तर चोपडलं. बानट झालं, मडगाडं झाली, बाजूचे पत्रे झाले. मागच्या पत्र्यापाशी आलो अन् शेंदूर सरला. खरं सांगतो, मले बरंच वाटलं.

आमच्या धंद्यात ते अस्तर. यायच्या मुलखात तेल-शेंदूर लागला का तो देव. हे माझ्या टाळक्यात यायले पाहिजे होतं, पण मोटरीले कोणी देव समजंन असं माझ्या बापानंही ऐकलं नव्हतं! रस्त्यानं एक म्हातारा लाकडाची मोळी घेऊन चालला होता. थांबला, मोळी खाली ठेवली, चपला काढल्या अन् जीपपुढं वाकला.

"अजि आजोबा, अस्तर आहे ते, अस्तर! वरून हिरवा रंग येणार आहे!"

म्हाताऱ्यानं समजल्यावानी मान हलवली, बानटावरचा ओला शेंदूर बोटानं घेतला अन् कपाळाले लावला. मंग काय, गावात बोंब झाली. बाया आल्या, माणसं आली. कोणी नारळ फोडला, कोणी मडगाडाले फुलं वाह्यली. मी ओरडून ओरडून दमलो का बोटं नका लावू, ठसे राह्यतात. ते मले म्हणत, "हव भाऊ, हव," अन् टिळा लावून चालले जात. सगळ्यात कहर म्हणजे नथ्थू. जो माणूस मांडवात पाय ठेवत नव्हता तो आत येऊन चाकापाशी बसला.

"आता भेव नाई," म्हणे. "आता इथी कोणी बसलं आहे."

"कोण बसलं आहे?"

"ते शकुबाई पाह्यते आज."

ती भरदुपारी आली. ऊन असं होतं का पानही हालत नव्हतं. डेपोत एरवी साळुंक्यांचा कलकलाट राह्यते, त्या वेळी एकही नव्हती. बाकीचे लोक जेवायले गेलेले. मी, नथ्थू अन् ती. मी डब्याच्या बुडाचं तेल हातानं पुसून काढून राह्यलो होतो. शकुबाईनं बानटावर पाण्याचा द्रोण ठेवला, धानाचे दोन दाणे सोडले अन् हाक मारली, "इसरू." बस, एवढंच. जेवायले बोलावतात तशी. आमच्यात बाया नवऱ्याचं नाव घेत नाई, पण मेलेल्याले नावानंच बोलवा लागते म्हणे.

दाणे तरंगले, अन् एक इकडच्या काठाले लागला, एक तिकडच्या.

तिनं द्रोण मडगाडावर ठेवला. तेच.  मंग ती मागं गेली, त्या उघड्या पत्र्यापाशी. तिथी द्रोण ठेवायले सपाट जागा नाई. तिनं वळून माझ्याकडं पाह्यलं.

"भाऊ, जरा टेकवून धरता का?"

म्या म्हटलं धरतो, त्यात काय जाते. दोन्ही हातांच्या ओंजळीत द्रोण घेतला अन् पत्र्याले टेकवला. तिनं दाणे सोडले. "इसरू."

पाणी हाललं नव्हतं. माझा श्वासही बंद होता. दोन्ही दाणे जागेवर फिरले, सरकत सरकत मधी आले अन् चिकटले.

"आला!" शकुबाई केवढ्यानं ओरडली! तिनं पत्र्यावर कपाळ टेकवलं अन् रडू लागली. नथ्थूनं हात जोडले. माझ्याही डोळ्याले पाणी आलं, म्या म्हटलं सुटली बिचारी. तिनं माझ्या हातातून द्रोण घेतला अन् स्वतः पत्र्याले लावला.

दाणे सुटले. एक इकडं, एक तिकडं.

तिनं मले द्रोण परत दिला. माझ्या हातात दाणे फिरले अन् चिकटले. मी पत्र्यापासून दूर झालो, मांडवाच्या बाहेर आलो, द्रोण मुद्दाम हालवला. पाणी सांडलं, दाणे चिकटलेलेच. खाली मातीवर ठेवला, सुटले. उचलला, चिकटले.

शकुबाई माझ्या हातांकडं पाहात होती. मीही पाह्यलं. कोपरापर्यंत शेंदूर, नखात शेंदूर, वरून तेल चमकत होतं. साऱ्या गाडीले लावता लावता मी स्वतःलेच पुरं माखून घेतलं होतं. तिनं डोक्यावरचा पदर सावरला अन् नजर खाली केली.

"अजि, भलतंच काय!" मी ओरडलो. "मी माणूस आहे, गोटा नाई!"

"भात करून आणते," ती हळूच म्हणाली अन् गेली.

नथ्थूच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "लटारू, पळ," म्हणे. "बंडी जुंपून देतो. गोट्यात बसला असता तर झाडाखाली राह्यला असता. तू चालता-बोलता. एक घास घेतला का तो तुझ्यात बसला. मंग मरेपर्यंत उठत नाई. तुझ्या ताटावर पहिला हक्क त्याचा."

"अन् मी पळालो तर तिचं काय?"

नथ्थूनं बैलांचे दोर सोडले. बंडीकडं गेला.

म्या घासलेट घेतलं, रेती घेतली अन् हात घासले. कातडं सोललं, पण तळहाताच्या रेघांतला शेंदूर निघाला नाई. पाण्यासाठी मांडवात गेलो अन् मागच्या पत्र्याकडं नजर गेली. गंज चढला होता. दवाचा पिवळा नाई, तांबडा, जाड, पापुद्रे सुटलेला, कोरड्या भरदुपारी. हात लावला तर पत्रा थंडगार. वर्षभर ज्याले धरून ठेवलं होतं त्याले त्या गाडीनं सोडलं होतं. तो कुठी गेला ते मले समजलं, अन् माझी पाचावर धारण बसली. गाठोडं उचललं अन् बंडीत जाऊन बसलो. खोटं काऊन बोलू? मले लय भेव वाटलं.

नथ्थूनं बैल जुंपले, अन् तेवढ्यात ती वाटेवर दिसली. दोन्ही हातांत पत्रावळ, पत्रावळीवर वाफाळता भात, त्यावर लाखोळीचं वरण. चार पावलं चाले अन् थांबे. पण एक शीत सांडू देत नव्हती. बंडीपाशी आली तेव्हा वाफ तिच्या तोंडावर येत होती. तिनं आवंढा गिळला अन् तोंड बाजूले केलं. वर्षभर ज्या बाईनं भात पाह्यला नाई, तिनं तो रांधला होता, अन् चव पाहायले बोटही चाटलं नव्हतं.

मी गाठोडं घेऊन बसलो आहे हे तिनं पाह्यलं. बैल जुंपलेले पाह्यले.

"जबरदस्ती नाई भाऊ," ती म्हणाली. "गोट्यानं मानलं नाई, गाडीनं मानलं नाई, तुमी काऊन मानावं?" अन् परत जायले वळली. तेवढ्यात तिचा झोक गेला. बंडीचं चाक धरून ती कशीबशी उभी राह्यली, पण पत्रावळ सोडली नाई.

माझ्या डोक्यात सणक गेली. भैयाजीचा राग आला, त्या जीपचा आला, मेलेल्या इसरूचा आला का बाबा तुले साऱ्या दुनियेत मीच सापडलो काय? पण त्या बाईच्या हाताच्या काड्या पाहात चांद्याले जाणं काही माझ्यानं होत नव्हतं. मी बंडीतून खाली उडी टाकली.

"आणा तो भात इकडं!"

चढावरच्या त्याच ऐनाच्या झाडाखाली बसलो. तिनं पत्रावळ पुढं ठेवली अन् समोर बसली. म्या भात कालवला, घास उचलला, तोंडात घातला. नव्या धानाचा गोड भात. चावला. गिळायले गेलो तर तोंड रिकामं. जिभेवर एक शीत नाई अन् गळ्याखाली काही उतरलं नाई. तो घास मले लागलाच नाई.

शकुबाई माझ्या गळ्याकडं पाहात होती.

"मीठ बराबर आहे ना?" तिनं इचारलं. आत्तापर्यंत मले भाऊ म्हणत होती, आता म्हटलं नाई.

मी काही बोललोच नव्हतो. मी तोंड दाबून बसलो होतो, देवाशपथ. "कमी आहे," माझ्या तोंडातून दुसराच आवाज आला.

ती हसली. पदर तोंडाले लावून हसत हसत रडली. "तुमचं तर रोजचंच आहे हे," म्हणाली. मंग तिनं पत्रावळ आपल्याकडं ओढली अन् पहिला घास घेतला. मी भुकेला तिच्यासमोर बसून राह्यलो, अन् ती पोटभर जेवली.